इतर कारणे

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, शिरोली. एमआयडीसी कुठलीही घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये चार-सहा सीएनसी लेथ गुरगुरत असले की त्यांच्या मधोमध एक तात्या उभे असतातच. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे नाना, कुठे नुसतंच मामा. हजेरीपटावर नाव वेगळं असतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी कळतं. हुद्दा शिफ्ट इन्चार्ज. वय पन्नाशीच्या पुढचं. पुढचं म्हणजे किती, याबाबत पीएफचे कागद आणि गावच्या शाळेचा दाखला यांचं एकमत नाही. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलपट्टी, मागच्या खिशात ॲलन कीचा जुडगा, हातात कॉटन वेस्टचा बोळा आणि पायात टाचा दुमडून चपलेसारखे केलेले सेफ्टी शूज. आवाज कायम वरच्या पट्टीत. जन्मभर मशिनांच्या वरताण बोलायची सवय, त्यामुळे तात्या कुणाच्या मयतीला गेले तरी त्यांचं सांत्वन तीन गल्ल्या ऐकतात.

माझ्या वाट्याला आलेले तात्या भोसरीचे, मूळ कराडकडचे. मी तिथे क्वालिटीत होतो, म्हणजे तात्यांच्या हिशेबाने शत्रुपक्षात. त्यामुळे त्यांचं निरीक्षण करायला मला भरपूर सवड मिळाली.

तात्यांची खासियत म्हणजे कारण. मशीन बंद पडलं की मेंटेनन्सवाला पाना शोधतो, ऑपरेटर चहा शोधतो आणि तात्या कारण सांगतात. शोधण्यात त्यांचा वेळ जात नाही. स्पिंडलचे शेवटचे चार फेरे संपायच्या आत कारण जाहीर झालेलं असतं. आणि ते कुठलंही असो, त्याचा पत्ता शेडच्या बाहेरचा असतो. इन्सर्ट तुटला? परचेसनं स्वस्तातला माल भरला. जॉब साइजच्या बाहेर गेला? फोर्जिंगच कडक आलं. माल संपला? टेम्पो नाशिक फाट्याला अडकलाय. ऑपरेटर आला नाही? गावची जत्रा. चैत्र-वैशाखात कराड-सांगलीकडच्या जत्रा लागल्या की दोन-दोन मशिनं एकाच ग्रामदैवताच्या कृपेनं बंद असत. लाइट गेली तर विचारायलाच नको. वीज मंडळाचे तुकडे होऊन २००५ साली महावितरण झालं, पण तात्यांच्या वहीत आजही ‘एमएसईबी’च दोषी आहे. आणि यातलं काहीच लागू पडत नसेल तर क्वालिटी. “जॉब ह्यांच्या टेबलावर पडलाय, मी काय करू?”

यात खोटं काही नसायचं, हे मुद्दाम सांगायला हवं. टेम्पो खरोखरच अडकलेला असे. इन्सर्ट खरंच स्वस्तातला असे. तात्या कारण बनवत नसत, निवडत. दहा खऱ्या कारणांतून आपल्या दारापासून सर्वांत लांबचं उचलायला अक्कल लागते.

या सगळ्याची नोंद एका लाल पुठ्ठ्याच्या लांबड्या रजिस्टरात व्हायची. मशीन नंबर, जॉब, टार्गेट, प्रत्यक्ष, बंद वेळ आणि कारण, असे रकाने. कारणांसाठी तात्यांनी स्वतःची लघुलिपी तयार केली होती: नो मॅन, नो मटेरियल, नो टूल, नो पॉवर. आणि शेवटी ‘इतर’. हा ‘इतर’ फार मोलाचा. शिफ्ट संपताना आठ तासांची बेरीज जुळवायची म्हटलं की पंचवीस-तीस मिनिटं कुठेच बसायची नाहीत. ती मुकाट्यानं ‘इतर’मध्ये जात. सकाळच्या मीटिंगमध्ये धाकटे शेठ विचारायचे, “तात्या, हे ‘इतर’ म्हणजे काय?” तात्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, “म्हणजे बाकीचं.” यावर पुढचा प्रश्न काय विचारावा हे शेठना एकदाही सुचलं नाही.

ते ‘बाकीचं’ कुठे जातं, हे पाहायला चार नंबरच्या मशीनपाशी पाऊण तास उभं राहिलं तरी पुरे. फ्लँजचं काम. ऑपरेटर जॉब चकमध्ये लावतो, दार सरकवतो, हिरवं बटण दाबतो. काही होत नाही. दाराच्या सेन्सरवर चिपची एक कुरळी बट येऊन बसलेली असते. दार लागलं आहे हे मशीनला कळत नाही, आणि दार लागल्याशिवाय चालायचं नाही एवढं शहाणपण मशीनमध्ये असतं. ऑपरेटर दार पुन्हा उघडतो, बोटानं चिप उडवतो, दार जरा जोरात आपटतो. चालू. वीस सेकंद. याला कुणी बिघाड म्हणत नाही, मेंटेनन्सला कुणी हाक मारत नाही, वहीत लिहिणं तर लांबच. लिहायलाच मिनिट जाईल. पण तासाला सहा वेळा असं झालं तर शिफ्टअखेर पंधरा मिनिटं होतात. सेन्सरवर बोटभर पत्र्याची टोपी बसवली तर हे थांबलं असतं. ती टोपी बसवण्याइतका वेळ मात्र मशीन कधी बंदच राहिलं नाही. अर्धा तास बंद पडलं असतं तर चार माणसं धावली असती. वीस सेकंदांसाठी कोण धावतो?

दुसरी गोष्ट त्याहून बारीक, आणि ती दिसायला मला बरेच दिवस लागले. मशीनच्या पॅनेलवर फीडचा एक गोल नॉब असतो. प्रोग्रॅममध्ये जी गती लिहिली आहे ती या नॉबनं कमी-जास्त करता येते. चार नंबरचा नॉब कायम ऐंशीवर. पहिली पाळी ऐंशी, दुसरी ऐंशी, रात्रपाळीही ऐंशी. नॉबच्या कडेची शंभरची खूण नवी कोरी राहिली होती आणि ऐंशीची बोटाच्या तेलानं पुसली गेली होती. मी तात्यांना विचारलं. ते म्हणाले, “मशीनला बी जीव असतो, सायेब. तुमी जिना चढताना शंभर टक्क्यानं चढता का?”

आता हिशेब असा. त्या फ्लँजला कटिंगची ४८ सेकंदं आणि जॉब लावण्या-काढण्याची १२, मिळून ६०. फीड ऐंशीवर आणलं की ४८ ची ६० होतात आणि मिनिटाचा जॉब ७२ सेकंदांना जातो. मशीन बंद नाही, दिवा हिरवा, ऑपरेटर कामात, स्पिंडल फिरतंय, शेठ काचेतून पाहून खूष. आणि दर जॉबमागे बारा सेकंद कुणाच्या डोळ्यांदेखत नाहीशी होताहेत. बंद पडलेल्या मशीनला निदान लाज असते, ते लाल दिवा तरी लावतं.

ही बारा सेकंदं जात कुठे होती? तात्यांच्या शिलकीत. घरातली बाई डाळीच्या डब्यात नवऱ्याला न कळता चार पैसे टाकून ठेवते, तसा तात्या वेळ बाजूला टाकत. पूर्वी टाइम स्टडीवाला स्टॉपवॉच घेऊन आला, तेव्हाही नॉब ऐंशीवरच होता. त्यानं दहा जॉबची वेळ घेतली, सरासरी काढली आणि ७२ सेकंद हा स्टँडर्ड म्हणून लॅमिनेट होऊन मशीनवर चिकटला. तो कागद पुढे कुणी बदलला नाही. शिवाय ट्रॉलीच्या मागे, जुन्या चकच्या आडोशाला, एक निळा क्रेट असायचा. त्यात तयार, तपासलेले, तेल लावून ठेवलेले वीस-पंचवीस फ्लँज. या क्रेटला शेडमध्ये ‘बँक’ म्हणत. दिवस बरा गेला की भरणा, वाईट गेला की उचल. शेठच्या आलेखात चार नंबरचं उत्पादन वर्षभर एका रेषेत चालायचं. येणारे-जाणारे म्हणायचे, काय कंट्रोल आहे!

एके वर्षी एक ट्रेनी इंजिनिअर आला. सांगलीच्या वालचंदमधून नुकताच बाहेर पडलेला, हातात टॅब, इस्त्रीचा युनिफॉर्म. शेठनी त्याला एकच काम दिलं: आपला ओईई काढ. कस्टमरनं ऑडिटमध्ये विचारला होता.

ओईई म्हणजे मशीनची एकूण कार्यक्षमता. सेइइची नाकाजिमा या जपानी गृहस्थांनी टीपीएम ही मशीनच्या देखभालीची पद्धत मांडताना हे माप रुळवलं. १९७१ साली निप्पॉनडेन्सो या टोयोटाला माल पुरवणाऱ्या कंपनीत टीपीएम उभं राहिलं, नाकाजिमांचं पुस्तक १९८८ साली इंग्रजीत आलं, आणि भोसरीत ते पोचलं ते कस्टमरच्या ऑडिट-शीटवरचा एक रकाना होऊन. नाकाजिमांनी नुकसानीची सहा घरं पाडली. मोठा बिघाड आणि जॉब बदलताना जाणारा वेळ ही दोन घरं वेळ खातात. बारीक थांबे आणि मंद गती ही दोन वेग खातात. चालू कामात बिघडलेला माल आणि सुरुवातीला वाया जाणारा माल ही दोन माल खातात. तिन्ही जोड्यांची टक्केवारी काढायची आणि गुणाकार करायचा.

“गुणाकार कशाला?” तात्यांनी पहिल्याच दिवशी हरकत घेतली. “बेरीज करा, तिनानं भागा.”

पोरानं समजावलं. तिन्ही ठिकाणी नव्वद टक्के असले तरी गुणाकार त्र्याहत्तरच येतो, कारण उरलेल्या वेळातून वेग कापला जातो आणि उरलेल्या मालातून चांगला माल.

“तीन नव्वदांचे त्र्याहत्तर? आमच्या पतसंस्थेचा चेअरमन ह्येच करायचा. आत हाये सध्या.”

पण पोरगं चिकट होतं. ते एक अख्खी शिफ्ट चार नंबरपाशी उभं राहिलं, जेवायलाही ऑपरेटरबरोबरच गेलं. त्याचा हिशेब मी पाहिला आहे. आठ तासांतून जेवणाचा अर्धा तास वजा जाता ४५० मिनिटं. त्यात जॉब बदलायला ४५ गेली आणि हायड्रॉलिकचा पाइप गळला त्यात ३०. राहिली ३७५, म्हणजे त्र्याऐंशी टक्के. मिनिटाला एक या दरानं ३७५ जॉब निघायला हवे होते, निघाले ३००. ऐंशी टक्के. तीनशेतले बारा बाद. त्यातले पाच सकाळी मशीन थंड असताना निघालेले, ज्यांना तात्या ‘देवाचे’ म्हणत आणि मोजतच नसत. शहाण्णव टक्के. तिन्हींचा गुणाकार चौसष्ट. पोरानं चौसष्ट असं मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या.

“चौसष्ट!” तात्या म्हणाले. “चांगलंय की. कला बी तेवढ्याच असत्यात.”

मग त्यांनी त्याच आकड्यांवरून स्वतःचा हिशेब मांडून दाखवला. जॉब बदलायचा हे प्लॅनिंगनं ठरवलं, ती ४५ मिनिटं प्लॅनिंगची, काढा. पाइप गळला तो मेंटेनन्सचा, ती ३० काढा. उरलेल्या ३७५ मिनिटांत मशीन एक मिनिट बंद नव्हतं, म्हणजे शंभर टक्के. स्टँडर्ड ७२ सेकंदांचा, लॅमिनेट केलेला, शेठची सही असलेला. त्या हिशेबानं तीनशे जॉबला ३६० मिनिटं लागतात, शहाण्णव टक्के. बारा बाद झाले त्यांचं फोर्जिंग खराब होतं, ते सप्लायरच्या खात्यावर. शंभर टक्के. एकूण शहाण्णव. गुणाकारसुद्धा त्यांनी पोराच्याच पद्धतीनं केला.

मला विचाराल तर त्या कागदाइतकं मन लावून केलेलं काम मी त्या कंपनीत दुसरं पाहिलं नाही. नाकाजिमांनी चांगल्या कारखान्याची रेघ पंच्याऐंशीच्या आसपास ओढली आहे: नव्वद, पंच्याण्णव आणि नव्याण्णव यांचा गुणाकार. कंपनीकडे आता दोन आकडे होते, एक रेघेच्या फार खाली आणि एक फार वर. ऑडिटला गेला तो शहाऐंशी. तो कुणी काढला हे विचारायचं नसतं. गावच्या भांडणात तोड काढतात तशी ती निघाली.

कंपनीनं लगेच एक सल्लागार आणला. शनिवारी हॉटेलात ट्रेनिंग, मध्ये पनीरचं जेवण. सल्लागारानं शिगेओ शिंगो यांची गोष्ट सांगितली: १९६९ साली टोयोटात हजार टनी प्रेसचा डाय बदलायला चार तास लागत होते. शिंगोंनी ते आधी दीड तासावर आणलं आणि मग तीन महिन्यांत तीन मिनिटांवर. सगळे स्तब्ध. मागच्या रांगेतून तात्यांचा आवाज आला, “तीन मिनिटांत मला टी-नट सापडत न्हाई.”

लोक हसले, पण शिंगोंचं म्हणणं याहून फार वेगळं नव्हतं. मशीन थांबण्याआधी जे करून ठेवता येतं ते आधीच करून ठेवा, एवढंच त्याचं सार. चार नंबरवर जॉब बदलताना प्रत्यक्षात काय चाले? मशीन बंद. मग सेटर जॉ आणायला टूलरूममध्ये. जॉ सापडतात, बोल्ट नाहीत. बोल्ट सहा नंबरवर लावलेत. ते मागायला गेलं की तिथला ऑपरेटर म्हणतो, माझे पाच जॉब होऊ देत. मग जॉ बोअर करायचे, टूलचे ऑफसेट टाकायचे, पहिला जॉब काढायचा आणि तो घेऊन क्वालिटीकडे यायचं. आमच्या टेबलावर आधीच तीन जॉब रांगेत, आणि ड्रॉइंगची ताजी प्रत साहेबांच्या कपाटात, किल्ली साहेबांच्या खिशात. त्या ४५ मिनिटांतली पंधरा आमच्याकडे जायची. तात्यांच्या सगळ्या कारणांत एवढं एक आम्हाला कधी खोडता आलं नाही.

पुढची पायरी म्हणजे लाल रजिस्टर बाद आणि प्रत्येक मशीनवर टॅब. मशीन थांबलं की टॅबवर कारणांची यादी उघडायची. कारण निवडल्याशिवाय पुढचं सायकल चालू व्हायचं नाही. यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं, सगळ्यात वर ‘एअर प्रेशर लो’, तळाला ‘इतर’. ऑपरेटरच्या हातात तेलकट ग्लोव्ह्ज, डोक्यावर टार्गेट. चिप अडकली, एअर प्रेशर लो. इन्सर्ट बदलला, एअर प्रेशर लो. ऑपरेटर बाथरूमला गेला, एअर प्रेशर लो. महिनाअखेर पोरानं रंगीत आलेख काढला, त्यात हवेच्या दाबाचा खांब बाकी सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेलेला. शेठनी कॉम्प्रेसरवाल्याला बोलावलं. त्यानं दिवसभर तपासलं, काही सापडलं नाही, सर्व्हिसिंगचं बिल ठेवून गेला. तात्या म्हणाले, “मी तर कवापासनं सांगतोय, हवेचाच प्रॉब्लेम.” पोरानं हुशारी करून यादी उलटी लावली. पुढच्या महिन्यात ‘इतर’ पहिला आला.

त्या संध्याकाळी पोरगं टपरीवर उदास बसलं होतं. तात्यांनी त्याच्यासाठी कटिंग सांगितला. तात्यांनी स्वतःच्या पैशानं कुणाला चहा पाजल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“तू तीनशे लिवलंस,” ते म्हणाले. “चार नंबरवर तीनशे साठ निघत्यात. त्या नॉबला हात लाव, आज काढून दाखवतो.”

“मग का नाही काढत, तात्या?”

“काढले, की उद्यापासनं तीनशे साठ मागतील. आन् ज्या दिवशी फोर्जिंग कडक येईल, लाइट जाईल, त्या दिवशी दोनशे नव्वद निघतील. तवा कोण इचारंल, माल कसा हुता? इचारतील, काल तर सत्तर जास्त निघाले हुते, आज काय झोपला हुतास?” त्यांनी ग्लास फळीवर ठेवला. “जुन्या कंपनीत एकदा काढून दाखवले. तवा माजं लगीन बी झालं नव्हतं. साहेबानं पाठ थोपटली, पेढा दिला आन् टार्गेट वाढवलं. पेढा एकदाच दिला.”

पोरानं टॅब काढला आणि परत पिशवीत घातला. नाकाजिमांच्या सहा घरांत हे सातवं कुठे बसवायचं, ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. माझ्या मते बहुतेक कारखान्यांचा निम्मा हिशेब तिथेच चुकतो, पण हे मी क्वालिटीतला माणूस सांगतोय, प्रॉडक्शनवाले ऐकणार नाहीत.

नवरात्रात खंडेनवमी आली. हा शेडमधला सगळ्यात मोठा सण. वर्षभर ज्या मशीनला फडका लागत नाही त्याला त्या दिवशी सकाळपासून डिझेल आणि कॉटन वेस्टनं घासून काढतात. आदल्या दिवसापासून तात्या फार कडक. कूलंटचा शेवाळलेला टँक उपसायचा, गार्डच्या मागची चिप काढायची, पॅनेलवरची बोटं पुसायची. मग रांगोळी, झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. पूजा झाल्यावर दसऱ्यापर्यंत पान्याला हात लावायचा नाही. लावला तर मशीन वर्षभर रुसतं, असं तात्यांचं मत.

चार नंबर घासताना हेल्पर पोराच्या फडक्याखाली हायड्रॉलिक टँकवरची तेलाची पातळी दाखवणारी काच निघाली. तिथे काच आहे हेच बहुतेकांना माहीत नव्हतं. तेल लाल रेघेच्या खाली. तात्यांनी झाकण काढायला लावलं, उरलेलं तेल डब्यात उपसलं आणि हात घालून पंपाच्या तोंडाची गाळणी बाहेर काढली. जाळी एका बाजूनं फाटलेली. तेलाच्या तळाशी चमकणारी बारीक पूड. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. नवल होतं, कारण त्यांच्याकडे तेव्हा कारण तयार नव्हतं. मग त्यांनी हात पुसले, स्टोअरमधून इंडेंटचं पुस्तक मागवलं आणि खंडेनवमीच्या मुहूर्तावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: सक्शन गाळणी, नग १, तातडीचे.

ऑपरेटरनं आपलं मशीन स्वतः पुसावं, कारण पुसताना दोष हाताला लागतो, हे टीपीएमच्या पुस्तकात पहिल्या काही पायऱ्यांतच येतं. त्यासाठी जपान्यांनी तक्ते केले, बिल्ले वाटले. आमच्याकडे ते काम झेंडूच्या माळेनं होतं, पण वर्षातून एकदाच.

इंडेंट स्टोअरमधून परचेसकडे गेलं, परचेसमधून धाकट्या शेठच्या टेबलावर. हजार-बाराशेची गोष्ट. पण दिवाळी तोंडावर, बोनस द्यायचा, महिन्याचा मेंटेनन्सचा खर्च आधीच वर गेलेला. “दिवाळीनंतर बघू,” शेठ म्हणाले. तात्या तीनदा विचारायला गेले. तिसऱ्यांदा त्यांना पेढा मिळाला.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास दुसऱ्या पाळीत चार नंबरवर ‘चक प्रेशर लो’चा अलार्म आला आणि मशीन थांबलं. या वेळी बँकेतले पंचवीस फ्लँज एका तासात संपले. पंप आतून खरवडून निघाला होता. नवा यायला दोन दिवस. कस्टमरकडे लाइन थांबायची वेळ आली, रात्री शेठना फोन आला, आणि तिसऱ्या दिवशी ई-मेलनं मागणी आली: व्हाय-व्हाय ॲनालिसिस पाठवा.

ही टोयोटाच्या ताइइची ओनो यांची रीत. एकदा ‘का’ विचारून थांबायचं नाही, पाच वेळा विचारायचं. गंमत म्हणजे ओनोंच्या पुस्तकातलं उदाहरणसुद्धा असंच आहे: मशीन थांबलं, कारण फ्यूज उडाला, तो उडाला, कारण बेअरिंगला वंगण नव्हतं, वंगण नव्हतं, कारण पंप ओढत नव्हता, पंप ओढत नव्हता, कारण त्याचा दांडा झिजला होता, आणि तो झिजला, कारण गाळणी नसल्यानं धातूचा कचरा आत गेला. ओनोंच्या मशीनला गाळणीच नव्हती. आमच्याला होती, पण फाटकी.

फॉर्म तात्यांकडे आला. आजवर असले फॉर्म मीच भरायचो आणि ते सही करायचे. या वेळी ते म्हणाले, “द्या इकडं.” जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्यांनी तो मराठीत भरला. मशीन का थांबलं? चकला दाब नव्हता. का? पंप गेला. का? तेलात कचरा. का? गाळणी फाटली. पाचव्या ‘का’पुढे त्यांनी थोडा वेळ पेन थांबवला. मग लिहिलं: ‘इंडेंटवर सही नाही’, आणि पुढे इंडेंटचा नंबर व खंडेनवमीची तारीख.

तात्यांनी आयुष्यात दिलेल्या शेकडो कारणांत सर्वांत बिनचूक कारण हेच असावं. ते घेऊन मी धाकट्या शेठकडे गेलो. त्यांनी वाचलं. केबिनची काच बंद केली. “हे असं कस्टमरला पाठवायचं?” मग स्वतःच्या लॅपटॉपवर नवा फॉर्म उघडून दहा मिनिटांत भरला. मूळ कारण: ऑपरेटरला मशीनच्या स्वच्छतेची पुरेशी माहिती नव्हती. केलेली उपाययोजना: संबंधितास समज दिली. प्रिंट काढून तो माझ्या हातात दिला, तात्यांची सही आणायला.

तात्या पाच नंबरपाशी होते. त्यांनी कागद लांब धरला, चष्मा खाली आणला, सावकाश वाचला. मला वाटलं आता शेड दणाणणार. त्यांनी माझ्याच खिशातलं पेन काढून सही केली.

“बरोबर हाये सायेब,” ते म्हणाले, “समज द्यायचीच हुती. फकस्त कुणाला, त्यो रकाना मोकळा ऱ्हायलाय. त्यात ‘इतर’ लिवा.”